नेत्राची जागा

लखनौजवळ, मलिहाबादकडच्या त्या बागेत कैऱ्यांना कागदी पिशव्या घालायचं काम ऐन भरात आलं होतं, तेव्हाच शाळेचं हे लचांड मागं लागलं.

विजया शिडीवर होती. एका हातानं फांदी खाली ओढायची, दुसऱ्या हातानं कैरीवर पिशवी चढवायची, तिचं तोंड चुरगाळून तार पिळायची, की पुढची कैरी. वर बघून बघून मानेचा दगड झाला होता. देठाचा चीक उडून मनगटावर काळे डाग पडले होते. पश्चिमेकडून लूचा गरम वारा वाहत होता आणि तिच्याबरोबर धुरळा येत होता. धुळीची आंधी यायच्या आत हा भाग उरकायला हवा, असं मालकाचा माणूस सकाळी ओरडून गेला होता.

खालून स्कूटीचा आवाज आला. बागेत स्कूटीवरून बाई येते म्हणजे नर्स, नाहीतर मतदार यादीवाली. ही दोन्ही नव्हती. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, डोळ्यांवर काळा चष्मा, पाठीला बॅग.

"नेत्रा की मम्मी आप हैं? मैं चंद्रप्रभा. स्कूलों में स्पेशल बच्चों को देखती हूँ."

विजया खाली उतरली. पदरानं हात पुसले, तरी चीक काही निघाला नाही. 'स्पेशल' हा शब्द तिनं पूर्वी मिठाईवाल्याकडे ऐकला होता. पोरीला कुणी लावलेला आज पहिल्यांदा ऐकत होती.

मॅडमनं पंपाच्या खोलीसमोरच्या बाजेवर बसून पुष्कळ विचारलं. बाळंतपण घरी झालं की दवाखान्यात. ताप कधी आला. झटके किती आले. हातानं जेवते का, बाथरूमला सांगते का. विजया जपून, मोजकं बोलत राहिली. ताप गावाकडं आला होता, दोन वर्षांची असताना. मेंदूज्वर म्हणाले. पोर वाचली, पण उजवा हात आणि उजवा पाय आखडला आणि बोलणं मागं पडलं. उरलेलं कुणाला सांगायचं आणि कशाला?

"पर समझती सब है," एवढं मात्र तिनं पुढं जोडलं.

"हाँ हाँ, समझती है," मॅडम हसली आणि तिनं मोबाइल काढून नेत्राचा फोटो घेतला. शाळेला सुट्टी म्हणून बागेत आलेली नेत्रा डाव्या हातानं पिशव्यांचा गठ्ठा सोडवत होती. तिनं वर पाहीपर्यंत फोटो निघालाही होता.

"फोटो किसलिए?"

"रिकॉर्ड के लिए. शनिवार को स्कूल में मीटिंग है. पापा को भी लाइएगा. आधार कार्ड भी."

स्कूटी गेली. विजया तिच्या मागच्या धुरळ्याकडं बघत उभी राहिली. फोटो झाला, आता आधार. एवढं सगळं कुणी फुकट विचारत नाही.

दुपारी झाडाखाली भाकरी सोडल्यावर तिनं रामकलीला सांगितलं. रामकली गावातलीच, शेजारच्या शिडीवर काम करायची. तिनं कांदा बुक्कीनं फोडला आणि मान हलवली.

"फोटू लै गयीं? तब समझो गया मामला. हमरी ननद की बिटिया का भी लै गयी रहीं. फिर कहिन, घर पै पढ़ो. घर पै कौन पढ़ावै? बस, स्कूल छूट गवा."

विजयानं उरलेली भाकरी फडक्यात बांधून ठेवली.

हणमंत संध्याकाळी आला तो खुशीत. तो मूळचा तासगावकडचा, द्राक्षबागांच्या छाटणीत हात बसलेला. इथल्या बागमालकानं जुनी उंच झाडं छाटून बुटकी करायला तिकडून टोळी बोलावली. टोळी काम संपवून परतली, हणमंत मुकादम म्हणून मागं राहिला. मागाहून त्यानं बायको-पोरीला आणलं. परमुलखात माणसं धरून राहायचं, हे त्याचं एकच धोरण. कुणाला वाकडं बोलायचा नाही, आणि कुणी बोललं तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

"सुधीर सर भेटले चहाच्या टपरीवर," शर्ट काढून झटकत तो म्हणाला. सुधीर सर म्हणजे नेत्राच्या शाळेचे हेडमास्तर. "आपनहून चहा पाजला. त्यांच्या भावाची बाग हाय, कसमंडीच्या रोडला. आंबा उतरला की सगळी छाटणी आपल्याला देतो म्हनले."

"आजच कसं आठवलं त्यास्नी?"

"काय म्हंजे?"

"इतकं दिवस नमस्कार घ्यायला मान हलवत न्हवता त्यो मानूस. आज मॅडम येऊन फोटो काढून जाती, आनि आजच ह्यो चहा पाजतो?"

हणमंतनं शर्ट दोरीवर टाकला. "तुला समद्यातच काळं दिसतंय. त्ये म्हनले, पोरीला रोज एवढं चालवत आनताय, तिचे हाल होत्यात. घरीच बसून शिकंल, मॅडम येऊन शिकवत्याल. सरकारनंच तशी सोय केल्या."

"आनि तुमी काय म्हनला?"

"मी काय म्हननार? बगू म्हनलं."

हणमंतचं 'बगू' म्हणजे 'हो', हे विजयाला लग्नापासून माहीत होतं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली ती अशी, की कडेनं तुटली. आपला नवराच त्या चहाला भुललाय, हे मनात आलं आणि तिथंच रुतून बसलं. त्या दिवसापासून तो मोबाइलवर हळू बोलला की तिचे कान टवकारायचे.

दुसऱ्या दिवसापासून तिनं तयारी धरली. शनिवारी ते लोक पोरीला काहीतरी विचारणार, तिला येत नाही म्हणणार आणि नाव काढून टाकणार. तेव्हा येत नाही असं काही राहताच कामा नये. दुपारी शाळा सुटली की काम करता करता ती शिडीवरून विचारायची आणि खाली नेत्रा पिशव्या एकेक करून वर द्यायची.

"तुमारा नाम क्या है?"

"ने... त्रा."

"पुरा सांग. नेत्रा हणमंत पाटोळे. पापा का नाम? गाव का नाम? स्कूल का नाम?"

नेत्रा उत्तर द्यायची, पण तिचं उत्तर यायला वेळ लागायचा. आधी मान एका बाजूला कलायची, मग ओठ हलायचे, मग शब्द. तोवर विजयाला दम निघायचा नाही. ती स्वतःच उत्तर सांगून टाकायची आणि म्हणायची, "म्हन आता." मग आकडे, मग फळांची नावं. नेत्रानं 'आम' म्हटलं की "पपीता म्हन, अनार म्हन." तिसऱ्या दिवशी नेत्रानं तोंडच मिटलं. नाव विचारलं तरी बोलेना. पिशवी वर देताना आईकडं बघायचीही नाही.

"बगा," विजया हणमंतवर कडाडली, "चांगली बोलनारी पोर मुकी झाली."

"तूच केलीस," हणमंत म्हणाला. ते खोटं नव्हतं म्हणून तिला जास्तच झोंबलं.

त्याच संध्याकाळी पोरीचे हात धुताना तिच्या बोटांना लसणाचा वास आला. नखांत पांढरी सालं अडकली होती. असा वास तिला पूर्वीही आला होता. शाळेत जेवण देतात, खिचडीत लसूण असेल, असं म्हणून तिनं सोडून दिलं होतं. पण जेवताना लसणाची सालं नखात जातात कशी?

"काय करत हुतीस गं?"

नेत्रानं हात मागं ओढून घेतला. "काम," ती म्हणाली. एवढंच.

त्या शाळेत आईबापांना गेटच्या आत घेत नसत. सकाळी पोर गेटात सोडायची, शिपाई आत घेणार, दुपारी गेटातूनच परत न्यायची. वर्ग कसा असतो, पोर कुठं बसते, हे विजयानं कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी नेत्राला सोडून ती बागेकडं वळल्यासारखं करून शाळेच्या मागं गेली. तिथं गव्हाचं कापलेलं रान होतं. खुंट पायाला टोचत होते. मागची भिंत एका जागी ढासळली होती, तिथून तिनं मुंडकं आत घातलं.

वर्गांतून पोरांचा गलका येत होता. वर्गाच्या दारा-खिडक्यांत नेत्रा दिसेना. मग नजर स्वयंपाकघराच्या पडवीत गेली. तिथं चुलीपासून जरा बाजूला, गोणपाटावर, एक पाय लांब करून नेत्रा बसली होती. पुढ्यात परात. उजव्या आखडलेल्या हाताच्या मुठीत लसणाची पाकळी धरून डाव्या हातानं ती साल काढत होती. दप्तर पाठीलाच होतं. बिटाना चाची, शाळेत खिचडी रांधणारी बाई, चुलीत फुंकर घालत होती.

विजया ओरडणार होती. ओठ उघडलेही. पण मग मनात आलं, आत्ता ओरडले तर काय होईल? चाचीवर ढकलतील. पोर आपणहून आली म्हणतील. उद्या वर्गात बसवतील आणि शनिवारी म्हणतील, ही बाई खोटारडी आहे. ती खाली बसली. खुंटांत, उन्हात, किती वेळ बसली तिचं तिला कळलं नाही. आतून पाढ्यांचा आवाज यायचा आणि थांबायचा.

दुपारी तिनं हणमंतला फवारणीच्या औषधाच्या टाकीपाशी गाठलं आणि सांगितलं. तो काठीनं औषध ढवळत होता. ढवळायचा थांबला, पुन्हा ढवळू लागला.

"येखाद्या दिवशी बसवली आसंल. पाय दुखत आसंल."

"रोज, हो. तिच्या नखात साल हाय रोजची."

"मग आता काय करू म्हनतीस? हेडमास्तरची गचांडी धरू? उद्या हितं ऱ्हायचंय आपल्याला."

"काय करू नका. शनिवारी माज्यासंगं चला. आनि मी सांगंपतुर सही करू नका. एवढंच."

हणमंतनं मान हलवली. ती मान 'हो'ची होती की 'बगू'ची, हे तिला कळेना. त्या दिवसापासून तिनं नेत्राला काही विचारणं सोडलं. नाव नाही, गाव नाही, आकडे नाहीत. नेत्राच आपणहून एकदा म्हणाली, "प... पीता." विजयानं ऐकलं आणि शिडीवरच तिचे डोळे भरून आले.

शनिवारी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि नेत्राच्या दोन वेण्या घातल्या. हणमंतनं दाढी केली होती आणि हनुवटीवर कापून घेतलं होतं.

हेडमास्तरांच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. टेबलाच्या पलीकडं सुधीर सर, एका बाजूला चंद्रप्रभा मॅडम, दुसऱ्या बाजूला अनुष्का मॅडम. अनुष्का म्हणजे नेत्राच्या वर्गाची बाई, वयानं लहान, मोबाइल उलटा ठेवून बसलेली. पाटोळे मंडळींना बसायला दोन खुर्च्या होत्या. नेत्रा विजयाच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

"अरे, बच्ची को क्यों ले आए? उसकी ज़रूरत नहीं थी," सुधीर सर हसत म्हणाले. "हणमंत भाई, चाय?"

"नहीं सर," विजया म्हणाली. हणमंतचा हात कपाकडं निघाला होता, तो मांडीवर परत आला.

सरांनी बोलायला सुरुवात केली. आवाज मऊ होता. बच्चीचा त्रास त्यांना बघवत नाही. एवढं चालणं, ही गर्मी, चाळीस पोरांचा दंगा. सरकारनं अशा मुलांसाठी घरी शिक्षणाची सोय केली आहे. मॅडम येत राहतील. नाव शाळेत राहील, पोर आरामात घरी राहील. फक्त आईबापांची संमती हवी. त्यांनी कागद पुढं सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं. हणमंतनं पेन उचललं. सही करायला नव्हे, कुणी दिलं की घ्यायचं या सवयीनं.

"मॅडम," ती चंद्रप्रभाकडं वळली. तिची हिंदी अशा वेळी अडखळायची. "आप स्कूल में देखने आए थे, तब मेरी बेटी कहाँ बैठी थी?"

"क्लास में. आगे, बोर्ड के सामने."

"आप आनेवाले हैं, ये इनको मालूम था?"

चंद्रप्रभानं सरांकडं पाहिलं. "हाँ, फ़ोन करके ही आती हूँ."

"ये सब क्या पूछ रही हैं?" सर म्हणाले. आवाजातला मऊपणा थोडा ओसरला.

"कुछ नहीं सर. एक काम करो. अनुष्का मॅडमनं इसको बोलना, जाओ, अपनी जगह पे बैठो. बस. फिर सही करते हम."

अनुष्का मॅडम हलली नाही. उलट्या मोबाइलवर तिनं बोट फिरवलं.

"बोलो ना मॅडम. रोज बोलते होंगे."

"इसमें क्या है, बोल दीजिए," चंद्रप्रभा म्हणाली. तिला काही उमजलं होतं की सहज म्हणाली, ते विजयाला त्या वेळी कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही.

"नेत्रा," अनुष्का मॅडम खालच्या आवाजात म्हणाली, "जाओ. अपनी जगह बैठो."

नेत्रानं आईकडं पाहिलं. विजयानं मान हलवली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. नेत्रा दारातून बाहेर पडली. पाय ओढत व्हरांड्यातून चालू लागली. खोलीच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. तिच्या वर्गाचं दार आलं. दार उघडं होतं, आत पोरं जमिनीवर अंथरलेल्या टाटपट्टीवर बसली होती. नेत्रा त्या दारावरून सरळ पुढं गेली. तिनं आत वळूनही पाहिलं नाही. पडवीची पायरी डावा हात टेकून चढली, भिंतीला उभं केलेलं गोणपाट ओढून अंथरलं, एक पाय लांब करून बसली आणि बिटाना चाचीसमोरची परात स्वतःकडं घेतली.

बिटाना चाचीनं खिडकीकडं पाहिलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

खोलीत पंखा कुरकुरत राहिला. हणमंत खिडकीशी जाऊन उभा होता. पेन त्याच्या हातातच होतं. एकदम तो बाहेर पडला, तरातरा पडवीत गेला. आपला बाप असा येताना बघून नेत्रा दचकली. आपलं काही चुकलं असं तिला वाटलं असावं. तिनं लसणाचा हात फ्रॉकमागं लपवला. हणमंत तिच्यासमोर बसला. काय बोलला ते खिडकीतून ऐकू आलं नाही. त्यानं तिचा हात फ्रॉकमागून काढला आणि आपल्या शर्टाला पुसला, पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

विजयाला वाटलं होतं, असं झालं की आपल्याला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. चार लोकांसमोर आपण पोरीला परातीपाशी पाठवलं, हेच तेवढं खुपत राहिलं.

"गलतफ़हमी है," सर म्हणत होते. "कभी-कभी बच्ची ख़ुद ही उधर—"

"सर," चंद्रप्रभा मॅडम म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता. "ये बच्ची क्लास में बैठ सकती है. बैठना चाहिए. घर वाली बात मैं नहीं लिखूँगी."

"आप कॉन्ट्रैक्ट पर हैं मैडम, थोड़ा सोच के—"

"सोच के ही बोल रही हूँ."

हणमंत पोरीला कडेवर घेऊन आला. आठ वर्षांची पोर, पाय लोंबकळत होते. त्यानं पेन टेबलावर ठेवलं. "सही नहीं करेगा सर," तो म्हणाला. "और वो... भाई साहब का बाग, वो भी किसी और को दे दो." आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणायची त्याला सवय नव्हती, ते एका दमात दोनदा म्हणावं लागलं होतं.

मग बोलणं झालं, पण ते कोरडं होतं. जमिनीवर बसून नेत्राचा पाय दुखतो, तिला खुर्ची हवी, असं चंद्रप्रभा म्हणाली. खुर्ची वरून मागवावी लागेल, आली की देऊ, असं सर म्हणाले. पडवीत पुन्हा बसवायचं नाही, हे अनुष्का मॅडमनं खाली बघून कबूल केलं. बाहेर पडताना बिटाना चाचीनं विजयाला अडवलं. "बिटिया हमार काम करत रही, पर हम खिलावत रहे उसका, कसम से." बाई खरंही बोलत असेल. पण विजयाला कुणाचं काही खरं मानायचं नव्हतं.

सोमवारी हणमंतनं पॅकिंगच्या शेडमधलं आंब्याचं एक क्रेट घेतलं, पालथं करून वर पोत्याची घडी बांधली आणि ते डोक्यावर घेऊन विजया आणि नेत्राबरोबर शाळेत गेला. शिपायानं गेट उघडलं. सोमवारी कुणी अडवायच्या मनःस्थितीत नव्हतं. क्रेट पहिल्या रांगेच्या कडेला ठेवून हणमंत कामावर निघून गेला. विजया मात्र व्हरांड्यात थांबली. तिकडं बागेत तिची शिडी रिकामी उभी होती, मालकाचा माणूस बोंबलत असणार.

नेत्रा क्रेटवर बसली. पोरं तिच्याकडं वळून वळून बघत होती. एकीनं क्रेटला पायानं ढोसून पाहिलं. अनुष्का मॅडमनं फळ्यावर पाढा लिहिला आणि पट्टी टेबलावर आपटली. ही बाई आज गोड वागेल, उद्याही वागेल, परवाचं काय? विजया खिडकीच्या गजांना धरून तिच्या तोंडाकडं बघत राहिली. तेवढ्यात नेत्राची नजर खिडकीकडं गेली. तिची मान कलली, ओठ हलले, मग शब्द आले. "मम्मी... जा ना."

पोरं हसली. नेत्राही हसली.

विजया गेली. गेटापर्यंत गेली. शिपाई कडी लावायला थांबला होता. ती बाहेर पडली, गेट लागलं. रस्त्यावर थोडं चालली. मग थांबून, वाजू नयेत म्हणून, तिनं चपला हातात घेतल्या आणि कापलेल्या रानातून, खुंट चुकवत, मागच्या ढासळलेल्या भिंतीनं आत शिरून वर्गाच्या खिडकीखाली उकिडवी बसली.

आत पाढा चालू झाला. सगळा वर्ग एका सुरात ओरडत होता. ओळ संपली की एक आवाज मागं राहायचा, एकटाच, आपला शेवटचा आकडा धरून. तो आकडा पुरा होईपर्यंत दुसरी ओळ सुरू होत नव्हती. मॅडम मुद्दाम थांबत होती की फळा पुसत होती, ते खिडकीखालून दिसत नव्हतं. विजया चपला उराशी धरून पुढच्या ओळीची वाट बघत राहिली.